लिलावाच्या कागदाखाली

माझं अक्षर सुरेख आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं म्हणावं असं फारसं काही येणार नाही. एकतीस वर्षं मी नोंदणी कार्यालयात आहे आणि त्यातली अठरा विवाहाच्या टेबलावर. आमच्या ऑफिसातलं हे सगळ्यात चांगलं टेबल. खिडकीपाशी आहे, पंखा थेट डोक्यावर आहे आणि समोर येणारी माणसं बहुतेक वेळा हसत येतात. पलीकडच्या कोपऱ्यात मृत्यूच्या नोंदीचं टेबल. तिथे दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते.

आमचं काम सरळ असतं. लग्न करणाऱ्या दोघांनी अर्ज द्यायचा. त्यावरून मी नोटीस लिहायची, खाली सही करायची आणि व्हरांड्यातल्या काचेच्या फलकात लावून कुलूप घालायचं. ती नोटीस तीस दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला पूर्ण दिसली पाहिजे. ज्याची हरकत असेल त्याने त्या मुदतीत लेखी द्यायची. हरकत नसेल तर एकतिसाव्या दिवशी लग्न. फलकाची किल्ली एकच, आणि ती माझ्या ड्रॉवरमध्ये.

मागच्या वर्षी कायदा बदलला. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांनाही आता लग्न करता येणार होतं. वर्षभर टीव्हीवर नुसता कलकलाट चालला होता, त्यामुळे बातमी नवी नव्हती, पण प्रार्थनागृहातून आम्ही सगळेच तोंडं पाडून घरी आलो. मी श्रद्धाळू आहे. आठवड्याची प्रार्थना मी तापातसुद्धा चुकवलेली नाही. लग्न म्हणजे देवाने एका स्त्रीला आणि एका पुरुषाला दिलेली गोष्ट, असं लहानपणापासून शिकले आणि ते मला पटलेलं आहे. घरी आल्यावर मी आमच्या ह्यांना म्हटलं, "देवाला हे मान्य नाही."

हे वायरमन होते, आता निवृत्त आहेत, आणि प्रार्थनेला फक्त मला सोडायला येतात. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग देवाने तीस दिवसांत लेखी हरकत द्यावी. तुझ्याच टेबलावर येईल."

दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

कायद्यामागोमाग परिपत्रक आलं. ज्या कर्मचाऱ्याच्या श्रद्धेला हे काम पटत नसेल त्याने पंधरा दिवसांत तसं लिहून द्यावं, त्याला दुसरं टेबल देण्यात येईल, कारण विचारलं जाणार नाही. इतकी सोय सरकारने आजवर कशाचीच केली नव्हती. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला, अगदी सुंदर अक्षरात, आणि पर्समध्ये ठेवला. चौदा दिवस तो पर्समध्येच राहिला. दुसरं टेबल म्हणजे कोणतं, हे मला माहीत होतं. आणि माझ्या खिडकीपाशी कोण येऊन बसणार, तेही माहीत होतं. नुकतीच लागलेली एक मुलगी त्या पंख्याकडे डोळा ठेवूनच होती. पंधराव्या दिवशी मी अर्जाचे चार तुकडे करून टोपलीत टाकले. देवासाठी खुर्ची सोडायची माझी तयारी नव्हती. आज हे सरळ लिहिते आहे. तेव्हा मात्र मी स्वतःला समजावलं, की आपल्याकडे असं लग्न करायला येणार तरी कोण आहे!

पाच महिन्यांनी त्या दोघी आल्या.

त्यातल्या एकीला मी चांगली ओळखत होते. तिचं चष्म्याचं दुकान आहे आणि माझ्या नाकावरचा चष्मा तिनेच बनवलेला. दुसरी शाळेत गणित शिकवायची. दोघी पन्नाशीच्या पुढच्या. चष्मेवाली धिप्पाड, मोठ्या आवाजाची. मास्तरीणबाई वाळून काडी झालेली, केस एकदम बारीक कापलेले, आणि खांद्यावरची पिशवीसुद्धा तिला जड होत होती. मी तिला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. सभ्यपणात मी कधीच कमी पडत नाही.

"ताई, तारीख जरा लवकरची मिळेल का?" चष्मेवालीने विचारलं. "हिचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्याच्या शेवटी. दवाखान्यातले म्हणतात, सही घरच्या माणसाची लागेल. मी बावीस वर्षं हिच्या घरात राहते, पण घरचं माणूस म्हणजे हिचा भाऊ. तो हिच्याशी बोलतसुद्धा नाही."

"राहतं घरही भाऊ मागेल," मास्तरीणबाई हळूच म्हणाली. "घर माझ्या नावावर आहे, खाली हिचं दुकान. मला काही झालं तर हिला दोन्ही सोडावं लागेल."

"तुला काही होत नाही," चष्मेवाली म्हणाली.

मी दिवस मोजून दाखवले. तीस दिवस भरून ऑपरेशनच्या आधी नऊ दिवस उरत होते. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या बघण्यात काही वावगं नव्हतं, आणि मला तेच सहन झालं नाही. मी मान खाली घातली आणि पोच लिहायला घेतली.

नोटीस मी त्याच दुपारी लावली. दोन दिवस सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी आमच्या प्रार्थनागृहातल्या दोघी-तिघी जणी कुणाच्या तरी जन्माचा दाखला काढायला आल्या आणि व्हरांड्यात गप्पा मारत उभ्या राहिल्या, नेमक्या फलकाला पाठ करून. त्यांनी फक्त वळायचा अवकाश होता. दोन बायकांची नावं, त्याखाली माझी सही, आणि तीही अशा अक्षरात की शंभर पावलांवरून ओळखावी.

त्या गेल्या आणि मी किल्ली घेऊन उठले. टेबलावर जुन्या लाकडी कपाटांच्या लिलावाची जाहिरात पडली होती, भलीमोठी. ती मी त्या नोटिशीवर लावली आणि चारही कोपऱ्यांना टाचण्या मारल्या. फलकावर बाजूला हवी तेवढी जागा होती. माझा हिशेब असा, की नोटीस फलकावर आहे, म्हणजे कायदा पाळला. आणि ती दिसत नाही, म्हणजे धर्मही पाळला. दोघांनाही मी एकाच कागदाने फसवत होते, आणि परत येऊन बसले तेव्हा मला खरंच हलकं वाटलं होतं. रात्री जेवण गोड लागलं. हे सगळ्यात लाजिरवाणं आहे.

एकोणतिसाव्या दिवशी मास्तरीणबाईचा भाऊ वकील घेऊन आला. बहिणीच्या लग्नाची कुणकुण त्याला लागली होती आणि हरकत घ्यायची होती. फलकावर नोटीस दिसेना. वकिलाने लिलावाच्या जाहिरातीखालून डोकावणारा कोपरा बघितला, फोटो काढले आणि थेट साहेबांच्या खोलीत गेला. नोटीस दिसलीच नाही तर हरकत कशी घेणार? मुद्दा बिनतोड होता. साहेबांनी नोटीस रद्द केली. पुन्हा अर्ज, पुन्हा तीस दिवस.

साहेबांनी मला विचारलं, "जाहिरात कुणी लावली?"

माझी जीभ क्षणभरसुद्धा अडखळली नाही. "शिपायाने लावली असेल. मी किल्ली देते त्याला कधीकधी."

शिपायाला मेमो मिळाला. बिचारा दोन दिवस आठवत बसला की आपण हे कधी केलं. शेवटी मलाच येऊन म्हणाला, "ताई, केलं असेल मी. हल्ली लक्षात राहत नाही." त्याला मी "जाऊ दे, होतं असं," म्हटलं. मी त्याला माफ केलं म्हणे!

ठरल्याप्रमाणे एकतिसाव्या दिवशी त्या दोघी चांगल्या कपड्यांत आल्या. सोबत दोन साक्षीदार होते. साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि आपल्या नेहमीच्या गुळमुळीत भाषेत सांगितलं, की प्रक्रियेत त्रुटी राहिली आहे, नव्याने अर्ज करावा लागेल.

"आमचं काही चुकलं का?" मास्तरीणबाईने विचारलं.

साहेब म्हणाले, "त्रुटी आहे एवढंच मी सांगू शकतो." साहेबांना निवृत्तीपर्यंत कुणाचीच भानगड नको असते. मी फाइल छातीशी धरून त्यांच्या मागे उभी होते. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी उघडलं नाही.

दुसरी नोटीस मी फलकाच्या मधोमध लावली आणि रोज सकाळी जाऊन बघत होते. भावाची हरकत आली, ती टिकण्यासारखी नव्हती. पण दिवस पळत होते. ऑपरेशनच्या कागदावर सही भावाने केली. त्या नोटिशीच्या नवव्या दिवशी, ऑपरेशननंतर दोन तासांनी, मास्तरीणबाई गेली. चष्मेवालीला आत सोडलं नव्हतं. हे मला पलीकडच्या टेबलावरून कळलं, कारण मृत्यूची नोंद करायला भाऊ आला होता. नियमाप्रमाणे नोटीस काढणं माझं काम. मी कुलूप उघडलं, कागद काढला, घडी घातली. फाडायला हात धजावला नाही, म्हणून फाइलला लावला.

त्यानंतर माझी प्रार्थना चालेना. शब्द तोंडपाठ, तोंड हलायचं, पण आत काही पोचायचं नाही. त्या बाईचं आजारपण मी आणलं नव्हतं, मरण देवाच्या हातात, असं मी रोज स्वतःला सांगायचे. तरीही सही करायला चष्मेवाली असती, शेवटच्या घडीला मास्तरीणबाईजवळ तीच असती, हे मात्र मीच हिरावलं होतं.

तीन महिन्यांनी चष्मेवाली माझ्या टेबलासमोर येऊन बसली. बारीक झाली होती. आवाजही बसला होता.

"ताई, भावाने घरासाठी दावा लावलाय," ती म्हणाली. "माझी वकील म्हणते, नव्या कायद्यात एक कलम आहे. अर्जदारांचा दोष नसताना नोटीस रद्द झाली आणि मधल्या काळात एकजण गेलं, तर कोर्ट पहिल्या मुदतीपासून लग्न झालं असं धरू शकतं. पण तो म्हणतो, ती नोटीस आम्हीच झाकायला लावली. त्याला कळू नये म्हणून. तुमच्या ऑफिसातल्या कुणाला तरी हाताशी धरून."

"असं म्हणतो?" मी विचारलं.

"तुम्ही साक्ष द्याल का? फक्त एवढंच सांगायचं, की आम्ही तुम्हाला असं काही करायला सांगितलं नव्हतं. तुम्ही तिला खुर्ची दिली होती. या ऑफिसात आमच्याशी नीट वागलेल्या तुम्ही एकट्या. तुमच्यावर माझा भरवसा आहे."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

त्या आठवड्यात प्रार्थना संपल्यावर मी धर्मगुरूंकडे गेले. म्हातारे आहेत, आणि नव्या कायद्याच्या विरोधात त्यांच्याइतकं कडक कुणी बोललं नसेल. मला वाटलं, दुसरं कुणी नाही तरी ते माझ्या पाठीवरून हात फिरवतील. मी सगळं सांगितलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"या लग्नाला माझा विरोध आहे," ते म्हणाले. "उद्याही राहील. त्या दोघी माझ्याकडे आल्या असत्या, तर मी त्यांना समोर बसवून नाही म्हटलं असतं. तोंडावर. तुला नको होतं तर तू टेबल सोडायचंस. सोडलं का?"

"नाही."

"मग धर्माचं नाव कशाला घेतेस? धर्मासाठी तू काय केलंस? एक कागद दुसऱ्या कागदाखाली सरकवलास आणि शिपायावर ढकललंस." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. "देवाला असल्या मदतीची गरज नाही, बाई."

घरी येऊन मी ह्यांनाही सांगितलं. मला वाटलं होतं, एखादा टोमणा मारतील. त्यांनी पेपर मिटून बाजूला ठेवला.

"तुला निवृत्तीला नऊ महिने राहिलेत," ते म्हणाले. "खरं बोललीस तर निलंबन होईल. पेन्शन अडकेल. कदाचित गुन्हाही."

"माहीत आहे."

"तिने तुला काय विचारलंय? 'आम्ही सांगितलं होतं का?' त्याचं उत्तर 'नाही'. तेवढंच म्हण आणि उतर. खोटं बोलणार नाहीस."

"आणि त्यांनी विचारलं, मग कुणी झाकली?"

ते म्हणाले, "शिपाई काय म्हणेल?"

"शिपाई म्हणेल, केलं असेल मी," मी म्हटलं, आणि मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडू आलं. हे उठले आणि माझ्याजवळ येऊन बसले. चेष्टा केली असती तरी चाललं असतं.

कोर्टाची खोली लहान होती, आमच्या ऑफिसपेक्षाही लहान. चष्मेवाली वकिलाशेजारी बसली होती, भाऊ पलीकडे. भाऊ मला राक्षस वाटला असता तर बरं झालं असतं. पण तो साधा, थकलेला माणूस होता, हातात औषधांची पिशवी घेऊन आलेला. मागच्या बाकावर साहेब आणि शिपाई. त्यांनाही समन्स होतं.

कारकुनाने मला विचारलं, "शपथ देवाच्या नावाने घेणार की सत्यप्रतिज्ञेवर?"

नियमाने दोन्हीला सारखीच किंमत आहे. कुणी कुठली घ्यावी, हे कोर्ट विचारत नाही. सत्यप्रतिज्ञा घेतली असती तर देव या प्रकरणातून बाहेर राहिला असता, असं मला एकदम वाटलं, आणि त्या वाटण्याचीच मला किळस आली. पुन्हा तोच धंदा! मी म्हटलं, "देवाच्या नावाने."

चष्मेवालीच्या वकिलाने ठरलेला प्रश्न विचारला. अर्जदारांनी नोटीस झाकायला सांगितलं होतं का? मी नाही म्हटलं. त्यांनी काही दिलं होतं, काही कबूल केलं होतं? नाही. वकीलबाई समाधानाने बसली. मग भावाचा वकील उठला.

"मग ती आपोआप झाकली गेली का?" त्याने हसत विचारलं. "की शिपायाने झाकली? रेकॉर्डवर तर शिपायाला मेमो आहे."

"मेमो चुकीचा आहे," मी म्हटलं. "जाहिरात मी लावली. मुद्दाम लावली. फलकाला जागा होती. किल्ली माझ्याकडे होती. शिपायाचा काही संबंध नाही."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "मुद्दाम म्हणजे? कारण काय?"

"हे लग्न माझ्या श्रद्धेला पटत नव्हतं."

"तुम्हाला टेबल बदलून घेता आलं असतं. तसं परिपत्रक आहे."

"हो, बाई."

"मग?"

"टेबल सोडवत नव्हतं," मी म्हटलं. "आणि ती माझी सही आहे, हे ओळखीच्या लोकांनी बघायला नको होतं."

मागे शिपाई खाली मान घालून आपल्या चपलांकडे बघत होता. साहेबांचा चेहरा मी बघितला नाही. वकिलाने आणखी बरंच विचारलं आणि मी जसं घडलं तसं सांगत गेले, तारीखवार. न्यायाधीशबाई स्वतःच्या हाताने लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी निकालाची तारीख दिली आणि म्हणाल्या, की अर्जदारांचा दोष नव्हता, हे आता या कोर्टापुढे स्पष्ट आहे. चष्मेवालीच्या वकिलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे घर वाचल्यातच जमा होतं.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. हे पाण्याची बाटली आणायला गेले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. जे होईल ते होवो, निदान बोलले. अशी माणसाची जात. एक खरं बोललं की लगेच वाटतं, आपण चांगले आहोत.

चष्मेवाली बाहेर आली. मला वाटलं, ही मला मारेल, आणि मारलं असतं तरी मी हात वर केला नसता. ती माझ्याशेजारी, हातभर अंतर ठेवून बसली.

"अर्ज तिनं भरला होता," ती म्हणाली. "मला म्हणाली होती, तू नको भरूस, तुझी खाडाखोड फार."

ती समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होती.

"तुमच्या साहेबांनी त्रुटी म्हटलं ना, मी घरी जाऊन तिच्यावर ओरडले. म्हटलं, तूच काहीतरी चुकवलंस. आयुष्यभर पोरांच्या चुका काढल्यास आणि स्वतःच्या लग्नाच्या अर्जात चूक केलीस. तुझ्यामुळे तीस दिवस गेले. मी घाबरले होते ताई, ऑपरेशनला. घाबरले की मी अशीच बोलते. तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती रोज अर्जाची कच्ची प्रत काढून बसायची. एकेक रकाना पट्टी लावून तपासायची. तिला चूक सापडेना."

तिने चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागली. काचा आधीच स्वच्छ होत्या.

"दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं ती प्रत बाजूला ठेवली. मला म्हणाली, नाही सापडली गं. पण असणारच माझी. चुकलं माझं, माफ कर."

आतून तिच्या वकिलाने हाक मारली. ती उठली, चष्मा लावला, आणि जाता जाता माझ्याकडे वळली.

"आणि मी केलं तिला माफ," ती म्हणाली.